रुपयातले किती आणे?

डाळिंब्यांची उसळ खाणाऱ्याला सोपी वाटते. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबायचा. सगळी गोम त्या हलकेचमध्ये आहे. जास्त दाबला तर दाण्याच्या दोन डाळी होतात, कमी दाबला तर साल सुटत नाही. पूर्वी अर्धा किलो वाल मी टीव्हीवरच्या एका मालिकेत सोलून मोकळी व्हायचे. आता दोन मालिका लागतात, आणि तरी पातेल्यात डाळी जास्त, डाळिंब्या कमी.

श्रावणात नाना सांगलीहून येतो तो या उसळीसाठी. नाना माझा थोरला भाऊ. पस्तीस वर्षं त्याने कॅन्सरचे रुग्ण तपासले, आता निवृत्त होऊन फक्त वाद घालतो. मीनल माझी मुलगी. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात किमोच्या डे-केअरला बारा वर्षं नर्स होती. गेल्या वर्षीपासून तिच्याकडे वेगळं काम आलंय. रुग्ण आठवड्यातून एकदा घरी बसून मोबाईलवर एक प्रश्नावली भरतात: मळमळ किती, जुलाब किती, दुखणं किती, झोप, भूक, मुंग्या. ज्याचं उत्तर वाईट त्याचं नाव मीनलच्या पडद्यावर लाल होतं, आणि तिने त्याला फोन करायचा.

आता कोणालाही वाटेल की म्हातारा डॉक्टर म्हणणार, आम्ही चेहरा बघून ओळखायचो, हे कागद कशाला. आणि तरुण नर्स नव्या पद्धतीची बाजू घेणार. आमच्या घरात उलटं आहे. प्रश्नावलीचा भक्त नाना, आणि तिला कंटाळलेली मीनल. मी दोघांच्या मधे परात घेऊन बसलेली. मी आतड्याच्या कॅन्सरची रुग्ण होते, हे इथेच सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन, मग किमोचे आठ डोस. यंदा हा वाद झाला त्या दुपारी ही गोष्ट दोघांपैकी कोणाच्याच लक्षात नव्हती, आणि मला ते बरंच वाटलं.

सुरुवात मीनलच्या फोनने केली. तो टेबलावर थरथरला, तिने बघितला आणि पालथा घातला.

"लाल?" नानाने विचारलं.

"पिवळा. आज माझी सुट्टी आहे, पण ते ॲपला कोण सांगणार."

"असं काही माझ्या हाती असतं ना मीने, तर मी दहा वर्षं उशिरा निवृत्त झालो असतो."

"मी तर आजच होईन म्हणते."

नाना हसला नाही. तो म्हणाला, "केसपेपरवर आम्ही काय लिहायचो माहितीय तुला? एन एफ सी. नो फ्रेश कम्प्लेंट्स. माणूस स्टुलावर नीट टेकायच्या आत लिहून व्हायचं. 'काय म्हणताय?' 'बरंय डॉक्टर.' की झालं एन एफ सी. ओपीडीत साठ माणसं आणि बाहेर त्यांचे नातेवाईक. अन् ते 'बरंय' म्हणजे काय, हे मला पस्तीस वर्षांत कळलं नाही. आपल्याकडे माणूस अतिदक्षता विभागातून पण 'बरंय' म्हणतो."

"मग तू आण्यात विचारायचास ना?"

"हो, पण उशिरा सुचलं ते. आमच्याकडची खेड्यातली माणसं स्वतःच म्हणायची, औषधानं आठ आणे फरक आहे. मी ते उलटं फिरवलं. 'रुपयातले किती आणे दुखतंय?' की लगेच उत्तर. बारा आणे. साडेतीन आणे. साडेतीन! म्हणजे माणसाने विचार करून सांगितलं. तो अमेरिकन शून्य ते दहाचा आकडा लावला की ते बापडे सगळे पाच म्हणायचे. पाच म्हणजे मधलं, पाच म्हणजे डॉक्टर रागावणार नाहीत."

"माझ्या पंचवीस वर्षांच्या पेशंटला आणे म्हणजे काय ते माहीत नाही, मामा."

"त्याला मोबाईलची बॅटरी किती टक्के उरलीय ते विचार. भाषा माणसाची, आकडा त्यातून आपण काढायचा."

हे मला पटलं, पण मी वाल सोलत राहिले.

मग नानाने हुपरीच्या माणसाची गोष्ट काढली. मी ती आधी दोनदा ऐकली होती. नाना ती दर वेळी थोड्या वेगळ्या जागी थांबवतो. हुपरी म्हणजे कोल्हापूरजवळचं चांदीचं गाव, घरोघरी पैंजणांना घुंगरं डाखणारे कारागीर. त्यातला एक नानाकडे आतड्याच्या कॅन्सरसाठी यायचा. ऑपरेशन झालेलं, वर सहा महिन्यांची किमो, तिच्यात ऑक्सॅलिप्लॅटिन. या औषधाने बोटांना मुंग्या येतात. आधी गार वस्तूला हात लागला तरच, आणि दोन-चार दिवसांत जातात. डोस साठत गेले की मग त्या जात नाहीत, आणि औषध थांबल्यावरही काही महिने वाढत राहू शकतात. नानाने त्याच्या कागदावर दर वेळी एकच लिहिलं: न्यूरोपथी ग्रेड वन. म्हणजे किरकोळ.

"आणि ते चूक नव्हतं," नाना म्हणाला. "चमचा धरता येतो, शर्टाची बटणं लावता येतात, म्हणजे आमच्या तक्त्यात किरकोळच. पण त्याला मोहरीएवढं घुंगरू चिमट्यात धरून डाख द्यायचा होता. शेवटचा डोस झाला, स्कॅन स्वच्छ आला, मी पाठ थोपटली. सहा महिन्यांनी त्याचा मुलगा भेटला. म्हणाला, बाबा आता दुकानात नुसते बसून असतात. त्याच सुमारास माझ्याकडे एक निवृत्त बँक कॅशियर होता, मुंग्या त्याच्याहून जास्त. तो म्हणायचा, 'नोटा मोजून झाल्यात आता आयुष्यभराच्या, डोस पूर्ण द्या.' एकच औषध, एकच तक्रार, आणि दोघांना हवे होते दोन वेगळे निर्णय. मी दोघांना एकच दिला. का? तर मी विचारलं ते 'मुंग्या येतात का?' हातांनी काय करता, हे नाही विचारलं."

"पण तेव्हा पर्याय कुठे होता तुझ्याकडे?"

"अर्धा होता. इंजेक्शन थांबवून नुसत्या गोळ्या पुढे चालू ठेवता येतात, हे तेव्हाही करत होतो आम्ही. आणि २०१८ नंतर तर पुरावाच आला. सहा चाचण्या एकत्र केल्या, जवळजवळ १२,८०० रुग्ण. सहा महिन्यांऐवजी तीन महिनेच किमो दिली तर काय होतं? सगळ्यांना मिळून बघितलं तर तीन महिने सहाच्या तोडीस तोड आहेत असं ठामपणे सिद्ध झालं नाही. पण ज्यांचा आजार कमी धोक्याचा, त्यांना एका प्रकारच्या औषधजोडीत तीन महिने जवळपास तेवढेच पुरले. आणि त्रासदायक मुंग्या? सहा महिन्यांवाल्यांत शंभरातल्या पंचेचाळीसहून जास्त जणांना, तीन महिन्यांवाल्यांत पंधरा-सतरा जणांना. आता सांग, ज्याच्या हातात चिमटा आहे त्याला हे दोन आकडे समोर ठेवून विचारायला नको?"

मीनल गप्प राहिली. तिची गप्प राहण्याची पद्धत मला ठाऊक आहे. ती मुद्दा मान्य करत नसते, साठवत असते.

नाना तेवढ्यात पुढे गेला होता. किमोच्या औषधाचा डोस आजही बहुतेक वेळा माणसाच्या उंची-वजनावरून काढतात. शरीराचा पृष्ठभाग किती चौरस मीटर, त्यावर इतके मिलिग्रॅम. हे गणित जिथून आलं ते सूत्र १९१६ सालचं. डु बॉय आडनावाच्या दोघांनी ते बसवलं, आणि मोजमापं घेतली होती नऊ माणसांची. "नऊ!" नाना म्हणाला. "शिंप्याने नऊ गिऱ्हाइकांची मापं घेऊन शंभर वर्षं सगळ्या गावाचे सदरे बेतावेत तसं. मी म्हणत नाही ते टाकून द्या. पण सदरा घातल्यावर काखेत काचतो का, हे तरी विचाराल की नाही? रुग्णाने स्वतः सांगितलेला त्रास म्हणजे दुसरं माप. अमेरिकेचं औषध खातंसुद्धा २०२१ पासून कंपन्यांना म्हणायला लागलंय, की सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस हे धोरण सोडा आणि योग्य डोस शोधा. आणि सोसतो कोण? रुग्ण. मग सोसतंय का, ते सांगणार कोण?"

"झालं तुझं?" मीनल म्हणाली.

"न्यूयॉर्क राहिलं."

"ते येणारच होतं."

न्यूयॉर्क म्हणजे नानाचा हुकमी पत्ता. मेमोरियल स्लोन केटरिंग या हॉस्पिटलात ईथन बाश या डॉक्टरने केलेला अभ्यास. पसरलेल्या कॅन्सरची किमो घेणारे ७६६ रुग्ण. काहींना नेहमीची सेवा. बाकीच्यांनी नेहमीची बारा लक्षणं संगणकावर स्वतः नोंदवायची. काही बिघडलं की नर्सला ईमेल जायची. बस, इतकंच. २०१६ मध्ये निकाल छापून आला. आयुष्याची प्रत सुधारली असं म्हणावं अशी माणसं नोंदवणाऱ्यांत ३४ टक्के, इतरांत १८. पहिल्या वर्षात इमर्जन्सीत धाव घ्यावी लागली ती ४१ ऐवजी ३४ टक्क्यांना. किमो सरासरी आठ महिन्यांच्या वर झेपली, इतरांची सव्वासहा. आणि पुढच्या वर्षी आला तो आकडा ज्याने सभागृहं गप्प झाली: नोंदवणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, इतरांचं २६.

"पाच महिने!" नाना म्हणाला. "पाच महिने देणारी गोळी एखाद्या कंपनीने काढली असती तर तिची किंमत लाखांत असती. हे काय होतं? बारा प्रश्न!"

"नर्स होती," मीनल म्हणाली.

"काय?"

"त्या अभ्यासातलं औषध प्रश्न नव्हते, मामा. नर्स होती. ईमेल आली की चारातल्या तीन वेळा नर्सने काहीतरी केलं. फोन केला, औषध बदललं, बोलावून घेतलं. तू दर वेळी बारा प्रश्न सांगतोस आणि ते वाक्य गाळतोस. डॉक्टर लोक नर्सचं वाक्य गाळतातच म्हणा."

नानाने वाटीतला एक वाल उचलून तोंडात टाकला. कच्चा.

"आणि आता माझं न्यूयॉर्क ऐक," मीनल म्हणाली. "ते एक हॉस्पिटल होतं, आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत कॅन्सर हॉस्पिटलांपैकी एक. त्याच बाशने मग अमेरिकेतली साधी, गावोगावची ५२ केंद्रं घेतली. ११९१ रुग्ण. लोकांना बरं वाटलं, हिंडणंफिरणं सुधारलं, इमर्जन्सीत जायची वेळ पुढे ढकलली गेली. हे सगळं झालं. पण २०२५ मध्ये शेवटचा हिशेब आला तेव्हा आयुष्य वाढलेलं नव्हतं. दोन्हीकडे सारखंच. तुझे पाच महिने गेले."

नानाला हे ठाऊक होतं. त्याचा चेहरा पाहून मला ते कळलं. "मधल्या दहा वर्षांत औषधं बदलली," तो म्हणाला. "नेहमीची सेवाही सुधारली. आणि फ्रान्समधला तो ल माँचा अभ्यास आहे की. फुप्फुसाचा कॅन्सर, दर आठवड्याला प्रश्नावली, ठरावीक स्कॅन उलट कमी. आजार उलटला ते लवकर कळलं, माणूस अजून पायावर उभा असताना. मध्यक आयुष्य १९ महिने, इतरांचं १२."

"सव्वाशेच्या आसपास रुग्णांवर."

"लहान आहे, मान्य. पण समज, आयुष्य एक दिवसानेही वाढलं नाही. उलट्या कमी झाल्या, इमर्जन्सीच्या दारात स्ट्रेचरवर ताटकळणं कमी झालं, हे तुला पुरत नाही?"

"मला पुरतं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला पुरत नाही. त्यांना पाच महिने सांगून ॲप विकलंय. आता पाच महिने नाहीत म्हटल्यावर ते माझ्यासारख्या नर्स आधी कमी करतील आणि ॲप तसंच ठेवतील. ॲपला पगार नाही."

इथे नाना खरोखर विचारात पडला. मला वाटतं वादात पहिल्यांदाच. तो आयुष्यभर डॉक्टर होता. नोकरी जाण्याच्या बाजूने त्याने पुराव्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मीनलला आता वाट मिळाली होती. तिने सांगितलेलं सगळं इथे देत नाही, काही गोष्टी तिच्या रुग्णांच्या आहेत. पण प्रश्नांच्या भाषेबद्दल ती जे बोलली ते सांगण्यासारखं आहे. युरोपातली एक तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ पासून जगभर वापरतात. तिचं मराठीही झालंय. टाटा मेमोरियलच्या मंडळींनी हिंदी आणि मराठी रूप डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर पारखून २००५ साली प्रसिद्ध केलं. काम चोख. तरी एक प्रश्न असा, की दिवसा अंथरुणात किंवा खुर्चीत पडून राहावं लागतं का. "माझ्या एका आजीने विचारलं, बाई, आमच्याकडे खुर्ची एकच, तिच्यावर सासरे बसतात. मी भिंतीला टेकते. ते कशात धरू?" दुसऱ्यात लांब फिरायला जाण्याचं विचारलंय. फिरायला जाणं म्हणजे काय ते ठाऊक असलेली बाई वेगळी, आणि पाण्याच्या खेपा घालणारी वेगळी. ती म्हणते, फिरायला मी कुठे जाते, काही त्रास नाही. शून्य. मग उदासपणा. उदास आहे असं कोणी म्हणत नाही. जीव घाबरा होतो म्हणतात, मन लागत नाही म्हणतात, छातीत कालवाकालव म्हणतात, आणि ॲप त्यांना हृदयविकाराच्या सूचना दाखवतं.

"पैशाची अडचण झाली का, असाही एक प्रश्न आहे," ती म्हणाली. "गावाकडून येऊन धर्मशाळेत राहणारी माणसं बाकी सगळीकडे 'अजिबात नाही' मारतात आणि या एकाच ठिकाणी 'खूपच'. आणि त्याचं माझ्याकडे काही औषध नाही. समाजसेवा विभागाची खोली दाखवते."

"अगं, पण हेच तर कळलं ना!"

"कळून काय करू? विचारलं की उत्तर द्यावं लागतं, मामा. न विचारलेलं बरं, असं मला रात्री वाटतं. माणूस लिहितो, 'झोप नाही, मरणाचे विचार येतात', शनिवारी रात्री साडेअकराला. मी सोमवारी सकाळी वाचते. त्याला वाटतं त्याने कोणाला तरी सांगितलं."

यावर काही उत्तर नसतं, आणि नानाने दिलंही नाही. त्याने उठून स्वतःसाठी आणि मीनलसाठी चहा टाकला. नाना चहा वाईट करतो.

चहानंतर त्याने जे काढलं त्याने मात्र मीनल जरा हलली. तो म्हणाला, "गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. रेडिएशनचे लाईट घेतलेल्या बायका. आत कोरडेपण येतं, जागा आवळते, नवऱ्याजवळ जाणं म्हणजे शिक्षा. किती बायकांनी मला सांगितलं असेल पस्तीस वर्षांत? समोर पुरुष डॉक्टर, शेजारी सासू. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या."

"कागदावर सांगतात," मीनल म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं, पण खोटं तिला जमत नाही. "त्या पानावर खुणा करतात. एकीने तर पेनाने कागद फाडला होता."

"आणि तू काय केलंस?"

"बाजूच्या खोलीत नेलं. जेल दिलं, डायलेटर कसं वापरायचं ते दाखवलं. दहा मिनिटांचं काम. तीन वर्षं ती सोसत होती."

"मग?"

"मग काय मग. तिला खोलीत नेणारी मी होते म्हणून झालं ते."

"आणि कोणाला खोलीत न्यायचं ते तुला कागदाने सांगितलं! शंभर बायकांत त्या सहा कुठल्या, हे तू कसं ओळखणार होतीस? चेहऱ्यावरून? मी चेहरे बघत पस्तीस वर्षं काढली गं."

मीनलने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. तिने मग आपलं गाऱ्हाणं दुसरीकडे वळवलं: फॉर्म भरतं कोण? स्मार्टफोन मुलाचा. आई आत स्वयंपाकघरात, मुलगा ऑफिसातून बसमध्ये बसून फॉर्म भरतो. आईला तर कॅन्सर आहे हेच सांगितलेलं नसतं, 'गाठ आहे, निघाली, आता ताकदीची सलाईनं आहेत' एवढंच. मुलाच्या नजरेने आई नेहमी बरी असते. आजारी असली तर त्याला रजा काढावी लागेल. गोळ्यांच्या किमोने तळहात लाल होऊन सोलवटतात, तर सून लिहिते, भांड्याच्या पावडरीने झालं. किमोनंतर आठव्या-दहाव्या दिवशी ताप १००.४ च्या वर गेला तर धावत या म्हणून बजावलेलं असतं. घरचे क्रोसिन देतात, ताप उतरतो, आणि प्रश्नावलीत 'ताप: नाही'. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात आणि आम्ही हिरवं नाव बघून पुढे जातो.

"म्हणून म्हणते, आठवड्याला एक फोन. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, एकाच नर्सचा. पाच प्रश्न, आणि फोन पेशंटच्याच हातात द्या म्हणायचं. ॲप नको."

"न्यूयॉर्कच्या अभ्यासात," नाना म्हणाला, "ज्यांना संगणकाची सवय नव्हती, त्यांना फायदा जास्त झाला होता. इमर्जन्सीत जाणं ५६ टक्क्यांवरून ३४ वर आलं त्यांच्यात. आपण म्हणतो ना, अडाणी माणसाला हे काय जमणार?"

"ते हॉस्पिटलातच भरत होते, मामा. तिथल्या यंत्रावर. हाकेच्या अंतरावर माणूस."

"तेच म्हणतोय मी."

"मी पण तेच म्हणतेय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नानाला हसू आलं, मीनलला आलं नाही. ती म्हणाली, "आणि सगळ्यात शेवटचं. समज, प्रश्न चांगला, भाषा चांगली, फोन पेशंटच्याच हातात. तरी माणसं लपवतात. मुद्दाम. डोस कमी होईल म्हणून. डॉक्टरने सांगितलेलं असतं की आठ पूर्ण झाले पाहिजेत. मग सहाव्याला मुंग्या येताहेत म्हणून कशाला सांगतील? त्यांना वाटतं, बोटं गेली तर जाऊ देत, आजार नको. ॲपवर खोटं बोलणं तर आणखी सोपं, समोर कोणाचे डोळे नसतात."

"असं किती जण करत असतील?" नानाने विचारलं.

मी तेव्हा परातीत बघत होते. एक वाल अंगठ्यात धरलेला होता, आणि तो माझ्या बोटांत आहे की निसटलाय ते मला बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं.

माझ्या आजाराच्या वेळी पहिल्या डोसाला मीनल माझ्यासोबत होती, आणि नाना सांगलीहून रोज फोन करायचा. तो म्हणाला होता, "आठ पूर्ण झाले पाहिजेत. तुझ्या गाठी जास्त होत्या, तुला तीन महिन्यांवर भागणार नाही." बरोबरच होतं ते. पाचव्या डोसानंतर सकाळी नळाचं पाणी सुईसारखं टोचायचं. सहाव्यानंतर टोचणं थांबलं आणि बोटांवर कोणी पातळ मोजे चढवलेत असं वाटायला लागलं. सातव्याच्या आधी ओपीडीत डॉक्टरने विचारलं, "मुंग्या?" आणि माझ्या शेजारी बसलेल्या मीनलने उत्तर दिलं, "थोड्या आहेत. गार लागलं तरच." मी तिला तसंच सांगितलं होतं. डॉक्टरने ग्रेड वन लिहिलं असणार. सातवा झाला, आठवा झाला, आम्ही पेढे वाटले.

"मी केलं," मी म्हणाले.

दोघांनाही आधी कळलं नाही. नाना म्हणाला, "काय केलंस?"

"लपवलं. सहाव्यालाच जास्त होतं. तू आठ म्हणाला होतास."

पंख्याचा आवाज मला इतका मोठा कधी वाटला नव्हता. मीनल काहीतरी बोलायला लागली आणि थांबली. त्या दिवशी ओपीडीत कोण उत्तर देत होतं ते तिला आठवलं असावं, कारण तिने माझ्याकडे न बघता परातीकडे बघितलं; फुटलेल्या डाळींकडे.

नाना डॉक्टर होता तो पुन्हा झाला. त्याने खुर्ची पुढे ओढली, माझा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाला, "डोळे मीट." तो वेगवेगळ्या बोटांना स्पर्श करत गेला, आणि मी सांगत गेले, आत्ता, आत्ता, आता नाही. मग त्याने विचारलं, "रुपयातले किती आणे गेलेत?"

"उजव्याचे चार. डाव्याचे सहा असतील."

"फ्रीजमधलं भांडं?"

"टॉवेलने धरते."

"कधीपासून?" हे मीनलने विचारलं.

"पेढ्यांच्या आधीपासून."

"सुई ओवता येते?"

"समोरचे कुलकर्णी ओवून देतात. त्यांना सांगितलंय चष्म्याचा नंबर वाढलाय."

मीनलने मोबाईल उचलला, मग ठेवून दिला आणि आतून वही-पेन घेऊन आली. तिने तारीख घातली. नाना म्हणाला, "चार वर्षं झाली, आता राहिलंय ते बरंचसं राहणार. गोळी आहे एक, पण ती दुखण्यावर, बधिरपणावर नाही. तरी बघू." त्याने कधीच गोड बोलून दाखवलं नाही, आणि मला ते आवडतं.

"आणि पाय?" मीनलने विचारलं.

हे मला आजपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं. मी विचार केला. मग मी त्यांना सांगितलं की आषाढातल्या एकादशीला देवळाच्या पायऱ्या उतरून मी अर्ध्या रस्त्यात आले होते, आणि मागून एक मुलगा हाका मारत पळत आला. त्याच्या हातात माझी एक चप्पल होती.

मीनलने ते लिहून घेतलं. मग परात स्वतःकडे ओढली आणि उरलेले वाल सोलायला बसली.